पाणी भरलं की गल्लीचा ग्रुप कसा चालवावा: आणीबाणीतला सोशल मीडिया, मुंबईपुरता

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही पडला नाही. फोर्टातल्या ऑफिसांतून लोक नेहमीसारखे घरी निघाले आणि अर्ध्या वाटेत अडकले, कारण पुढे काय चाललंय हे सांगायला कोणी नव्हतं. मोबाइल होते, पण लागत नव्हते.

आज अडचण उलटी आहे. सांगणारे पुष्कळ झालेत. जोराची सर आली की तासाभरात ग्रुपवर ‘मुंबई तुंबली’चे ढीगभर मेसेज येतात. घाटकोपरहून दादरला निघालेल्या माणसाला मात्र किंग्ज सर्कलच्या गांधी मार्केटपाशी आत्ता पाणी घोट्याला आहे की कमरेला, एवढंच हवं असतं आणि नेमकं तेच त्या ढिगात सापडत नाही. पाऊस शहरावर पडतो, पण माणूस अडकतो गल्लीत. त्यामुळे जो मेसेज गल्ली आणि वेळ सांगत नाही, तो आणीबाणीत कामाचा नाही, मग तो कितीही कळकळीने लिहिलेला असो.

पुढचं सगळं चाळ, सोसायटी, वस्ती किंवा गणेशोत्सव मंडळाचा ग्रुप चालवणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं बहुतेक पावसाची आहेत, पण आग लागली, भिंत पडली किंवा लोकल बंद पडली तरी रीत तीच.

आधी फोन, मग पोस्ट

सोशल मीडियाच्या लेखात पहिला सल्ला फोन करण्याचा, हे विचित्र वाटेल. पण आगीचा व्हिडिओ दहा ग्रुपवर फिरतो आणि अग्निशमन दलाला मात्र कोणीच कळवलेलं नसतं, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने केला असेल.

जीव धोक्यात असेल तर ११२. आग किंवा इमारत कोसळणं, १०१. रुग्णवाहिका, १०८. पाणी तुंबणं, झाड पडणं, गटाराचं झाकण उघडं असणं यासाठी पालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा १९१६. रेल्वेत अडकलात तर १३९. हे पाच नंबर ग्रुपच्या माहितीत कायमचे लिहून ठेवा.

फोन झाला की ग्रुपवर एक ओळ टाका: ‘१९१६ला कळवलं, दुपारी २.१०, तक्रार क्रमांक अमुक.’ या ओळीने दोन गोष्टी साधतात. बाकीचे त्याच कामासाठी लाइन अडवत नाहीत आणि पाठपुरावा करणाऱ्याला हातात काहीतरी मिळतं. तक्रार क्रमांक नसेल तर पुढे कितीही टॅग करा, बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

ग्रुप मे महिन्यात बांधायचा

पाणी घरात शिरल्यावर ग्रुप काढून उपयोग नसतो. माणसं नव्याने शोधण्यापेक्षा मंडळाचा ग्रुप हाताशी असेल तर तिथूनच सुरुवात करा. मुंबईत गणेशोत्सव मंडळाइतकी तयार यंत्रणा दुसरी नाही. कोणाकडे टेम्पो आहे, कोणाला पोहता येतं, जनरेटर कुठून येतो, वॉर्ड ऑफिसात कोणाची ओळख आहे, हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतं.

मात्र आणीबाणीचे मेसेज त्याच ग्रुपवर टाकू नका. सुप्रभातची फुलं, वाढदिवसाचे केक आणि वर्गणीचे हिशेब यांच्यामध्ये ‘तळमजल्यावर आजी एकट्या आहेत’ हा मेसेज हरवतो. वेगळा ग्रुप काढा, त्याचं नाव कंटाळवाणं ठेवा, म्हणजे ‘अमुक गल्ली – आपत्कालीन’, आणि सेटिंगमध्ये मेसेज टाकण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनना द्या. बाकीच्यांनी अ‍ॅडमिनला थेट कळवायचं. यावर लोक रुसतात. ‘आम्हाला बोलायचीही बंदी का?’ असं एखादे काका हमखास विचारतात. त्यांना अ‍ॅडमिन करा, रुसवा जातो आणि बहुतेकदा तेच सर्वांत चोख काम करतात.

अ‍ॅडमिन तीन-चार हवेत आणि कामं वाटलेली हवीत. एकाने फोन करायचे. एकाने आलेली खबर खरी आहे का ते पाहायचं. एकाने लिहायचं. चौथा माणूस मात्र गल्लीतला नको. ठाण्याला, पुण्याला, कुठेही असू दे, पण जिथे वीज आहे आणि रेंज आहे तिथला हवा. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड बिघडून मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा शहराच्या आतल्या माणसाला बाहेरचं काही कळणं अवघड झालं होतं. बाहेर बसलेली एखादी आत्या किंवा मेहुणा अशा वेळी तुमच्या वतीने फोन करू शकतो, पोस्ट टाकू शकतो, रेल्वेच्या घोषणा वाचून एका एसएमएसात कळवू शकतो. ही नेमणूक बहुतेक ग्रुप करत नाहीत. माझ्या मते सगळ्यांत आधी तीच करावी.

सोबत एक यादी लागते: एकटे राहणारे ज्येष्ठ, डायलिसिसचे किंवा घरी ऑक्सिजन लागणारे रुग्ण, गरोदर बाया, चालता न येणारी माणसं. ही यादी ग्रुपवर टाकायची नाही. दोन अ‍ॅडमिनच्या फोनमध्ये आणि एका कागदावर, एवढीच. ‘तिसऱ्या मजल्यावर एकट्या बाई राहतात’ ही माहिती मदतीला उपयोगी पडते, तशीच चोरालाही पडते.

सकाळचा एक मेसेज: इशारा आणि भरती

हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ एकदा ग्रुपला समजावून सांगा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘जोरदार’, २०४.४ पर्यंत ‘अतिजोरदार’ आणि त्याच्या वर ‘अत्यंत जोरदार’. लाल रंग म्हणजे शाळेला सुट्टी असं समीकरण मुलांनी बसवलंय, पण सुट्टी पालिका किंवा सरकार वेगळी जाहीर करतं. दर पावसाळ्यात गेल्या वर्षीचं सुट्टीचं परिपत्रक तारखेचा कोपरा कापून फिरतं, तेव्हा तारीख दिसत नसेल तर पुढे पाठवू नका.

इशाऱ्याइतकीच महत्त्वाची भरतीची वेळ. पाणी तुंबणार की नाही, हे मुंबईत नुसत्या पावसावर ठरत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर समुद्राचं पाणी नाल्यांतून उलटं शहरात येऊ नये म्हणून दारं बंद ठेवावी लागतात. मग पावसाचं पाणी उपसायची भिस्त हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया अशा उदंचन केंद्रांच्या पंपांवर येते. म्हणून नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी सकाळी सातला एक मेसेज पुरे: ‘आज नारिंगी इशारा. मोठी भरती दुपारी १.२० वाजता, ४.६ मीटर. साडेबारा ते अडीच गाड्या खालच्या पार्किंगमध्ये ठेवू नका.’ भरतीचं वेळापत्रक पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ते जूनमध्येच उतरवून ठेवा.

मेसेज लिहायचा कसा

नेहमी येणारा मेसेज असा असतो:

‘Urgent’ऐवजी ‘अर्जंट’ लिहून, पुढे चार उद्गारचिन्हं आणि ‘कुर्ल्यात भयंकर पाणी, लोक अडकलेत, प्लीज मदत करा, जास्तीत जास्त शेअर करा’.

कुर्ला पूर्व की पश्चिम? किती लोक? आत्ता की सकाळी? हा मेसेज तीन तास फिरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरतो आणि मदत करू पाहणारा माणूस ओला होऊन परत येतो. त्याऐवजी असा लिहा:

‘२३ जुलै, दुपारी ३.४०. कुर्ला पश्चिम, क्रांतीनगर, मिठी नदीच्या बाजूची शेवटची गल्ली. पाणी कमरेपर्यंत, वाढतंय. पोटमाळ्यावर ५ जण, त्यात १ आजी (चालता येत नाही) आणि १ बाळ. हवंय: दोर, चार माणसं, खुर्ची. ३.३०ला ११२ला फोन झालाय. मी स्वतः समोरून पाहतोय. पुढची खबर ४.१०ला.’

यातला एकेक तुकडा जागेवर का आहे ते पाहा. तारीख आणि वेळ पहिल्या शब्दात, कारण फॉरवर्ड झाल्यावर मेसेजची मूळ वेळ दिसत नाही. पत्ता मोठ्याकडून छोट्याकडे. पाणी फुटांत सांगू नका, फुटाचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा असतो. घोटा, गुडघा, कंबर, छाती सगळ्यांना कळतं. ‘वाढतंय, थांबलंय, ओसरतंय’ यातला एक शब्द हवाच. नेमकं काय हवंय ते लिहा, नाहीतर बिस्किटांचे पुडे घेऊन तीस जण येतात आणि दोर कोणीच आणत नाही. ‘मी पाहतोय’ की ‘कोणीतरी सांगितलं’ हेही स्पष्ट असू द्या. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची: पुढची खबर केव्हा. ती वेळ पाळली नाही, तर वाचणाऱ्याने समजावं की परिस्थिती बदललीय.

आणि माणसं सुटली की तोच मेसेज उचलून त्यावर ‘मिटलं, सायंकाळी ५.०५, सगळे सुखरूप’ असं उत्तर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, त्यामुळे जुना मेसेज बदलायच्या भरवशावर राहू नका. एप्रिल-मे २०२१च्या कोविड लाटेत ऑक्सिजन आणि बेडच्या याद्या ज्यांनी चालवल्या, त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. यादीतला नंबर सकाळी चालू असायचा, दुपारी सिलिंडर संपलेले असायचे, तरी यादी पुढचे चार दिवस ‘खात्रीची’ म्हणून फिरत राहायची. खात्री केली असं लिहायचं असेल तर किती वाजता केली तेही लिहायला हवं.

आवाजी मेसेज टाळा. घाबरलेल्या आवाजातला दीड मिनिटाचा मेसेज पावसाच्या गोंगाटात ऐकू येत नाही, शोधता येत नाही, आणि कमी रेंजमध्ये उतरतही नाही. आजी-आजोबांना टाइप करणं जमत नाही हे खरं. त्यांनी बोलावं आणि अ‍ॅडमिनने ऐकून लिहून टाकावं. फोटो एकच, लांबून काढलेला, दुकानाची पाटी किंवा खांब दिसेल असा.

मदत मागण्याइतकीच मदत देऊ करण्याचीही रीत आहे. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात शेकडो मुंबईकरांनी ट्विटरवर ‘आमच्या घरी या’ म्हणून लिहिलं. गणपतीचे दिवस होते, मंडपांतही लोकांना आसरा मिळाला. तसं लिहिताना किती जणांची सोय, कोणत्या नाक्यावरून यायचं, जिने किती, संडास आहे का, रात्रभर की पाणी ओसरेपर्यंत, हे सांगा. जागा भरली की पोस्ट काढा किंवा ‘भरली’ असं वर लिहा. पूर्ण पत्ता जाहीर लिहू नका, जवळची खूण द्या आणि बाकी खासगीत.

त्याच २९ ऑगस्टला एक ज्येष्ठ डॉक्टर घराकडे चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि त्यात त्यांचा जीव गेला. पाणी उतरावं म्हणून गटाराचं झाकण उघडणं ही आपली जुनी सवय. उघडं झाकण दिसलं तर ते ग्रुपवर जायलाच हवं, पण त्याआधी तिथे फांदी, खुर्ची, लाल कापड बांधलेली काठी, काहीतरी उभं करा. त्या वाटेने येणाऱ्यांपैकी निम्मे तुमच्या ग्रुपमध्ये नसतात.

आलेली खबर तपासायची कशी

अफवेचं मोल आपल्या राज्याने मोजलंय. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली, म्हणजे तो बऱ्याच हातांतून फिरलाय, एवढं तरी ओळखायला शिका.

खबर आली की मूळ पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ‘तू स्वतः पाहिलंस का, आणि कुठे उभा होतास?’ निम्म्या खबरा इथेच गळतात.

व्हिडिओ असेल तर गूगल लेन्सने त्यातलं एखादं दृश्य शोधून पाहा. तेही नको असेल तर मुंबईकराच्या नजरेने बघा. रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी टॅक्स्या दिसतात? त्यातली शेवटची ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. लाल डिझेल डबलडेकर? त्याही सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाल्या. अंधेरी-कुर्ला रस्ता मरोळ नाक्यापाशी बुडालाय पण डोक्यावर मेट्रोचा पूल नाही? मग तो व्हिडिओ दहा वर्षांहून जुना आहे, कारण ती मेट्रो जून २०१४पासून धावतेय. पाट्यांची लिपी, बसवरचा मार्ग, लोकांच्या तोंडावरचे मास्क, सगळं काही ना काही सांगतं. हे काम घरातल्या शाळकरी मुलांना द्या. त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते आणि त्यांना कामाला लावल्याने ती रीलही कमी बघतात.

पालिकेचं किंवा पोलिसांचं म्हणून काही आलं तर त्यांच्या अधिकृत खात्यावर जाऊन बघा. एक्सवर (म्हणजे आधीच्या ट्विटरवर) आता निळी खूण पैसे भरून मिळते, तिचा भरवसा धरू नका. सरकारी खात्यांना करड्या रंगाची खूण असते. खोटा इशारा पसरवणं आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४खाली गुन्हा आहे, त्याला १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ग्रुपवरच्या अति उत्साही मेहुण्याला एवढं सांगितलं तरी पुरतं.

एक्सवर टाकायचं तर

ग्रुप आपल्या माणसांसाठी, एक्स यंत्रणेसाठी. पालिकेच्या मुख्य खात्याला टॅग करताना वॉर्डाच्या खात्यालाही करा: दादर-माहीम-धारावी म्हणजे जी उत्तर, कुर्ला म्हणजे एल, माटुंगा-सायन एफ उत्तर, भांडुप-पवई एस. आपला वॉर्ड कोणता हे बऱ्याच जणांना निवडणुकीपलीकडे माहीत नसतं. ग्रुपच्या माहितीत लिहून टाका. दोन-तीन खाती पुरेत. दहा नेते, चार चॅनेल आणि दोन सिनेनट टॅग केलेली पोस्ट म्हणजे गाऱ्हाणं, तक्रार नव्हे. काम करणारा माणूस ती शेवटी वाचतो.

पोस्टमध्ये तक्रार क्रमांक, जागा, वेळ, फोटो. रुग्णाचं नाव आणि फोन नंबर नको. २०२१मध्ये मदतीसाठी आपले नंबर जाहीर केलेल्या बायकांना पुढे कित्येक दिवस नको ते फोन आणि मेसेज येत राहिले. नंबर द्यायचाच तर अ‍ॅडमिनचा द्या, बाकी खासगी निरोपाने. आणि पोस्टखाली कोणी मदतनिधीचा क्यूआर कोड टाकला तर स्कॅन करू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३०, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर.

लोकलमध्ये अडकल्यावर

मध्य आणि पश्चिम रेल्वेची अधिकृत खाती पाहाच, पण एम-इंडिकेटर या लोकलच्या अ‍ॅपवरच्या गप्पांत पुढच्या गाडीतले लोक जे लिहितात ते पुष्कळदा आधी कळतं. तिथेही ‘मी या गाडीत आहे’ म्हणणाऱ्यालाच धरा. जागा सांगताना ‘सायन-कुर्ल्याच्या मध्ये’ एवढं पुरत नाही. रुळाकडेच्या विजेच्या खांबांवर आकडे रंगवलेले असतात, त्यात किलोमीटर असतो. तो आकडा, जलद की धीमी, अप की डाउन आणि डबा, एवढं कळवलं की रेल्वेला नेमकी जागा कळते.

२७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्याने वेढली गेली, आत हजाराच्या वर प्रवासी होते. गाडीतून उतरू नका असं रेल्वे सांगत होती, आणि बचाव पथकांनी बोटींनी सगळ्यांना बाहेर काढलं. ‘उतरून चालत जा’ असा सल्ला घरी बसून देऊ नका.

रेंज आणि बॅटरी

डेटा बंद पडला तरी एसएमएस बऱ्याचदा जातो. थोडा वेळ अडकून का होईना. म्हणून अ‍ॅडमिनकडे सगळ्यांचे नंबर साध्या फोनबुकात हवेत. गूगल मॅपवर मुंबईचा नकाशा आधीच उतरवून ठेवा: इंटरनेट नसतानाही जीपीएस चालतं, बिंदूवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसतात, ते एसएमएसने पाठवता येतात. लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालू ठेवता येतं, पण बॅटरी खातं. एका जागी अडकलेल्याने साधं लोकेशन एकदा पाठवावं आणि फोन बंद करावा. दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं चालू, असं आधीच ठरवून ठेवलं तर दोन्हीकडची घालमेल कमी होते. व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय आजच बंद करा.

काय टाकायचं नाही

२६/११ला कारवाईची थेट दृश्यं टीव्हीवर दिसत होती आणि त्याचा फायदा हल्लेखोरांना बाहेरून सूचना देणाऱ्यांनी उचलला. त्यातून शिकून २०१५मध्ये अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण वाहिन्यांना नियमाने बंद झालं. तुमच्या गॅलरीतून दिसणारी पोलिसांची गाडी ही तशीच बातमी आहे, फोन खाली ठेवा. मृतांचे फोटो नाहीत, चेहरे नाहीत. नातेवाइकांना कळायच्या आधी नावं नाहीत. हरवलेल्या मुलाचा फोटो पोलिसांत तक्रार झाल्यावरच, आणि मूल सापडलं की तो फोटो जिथे जिथे गेला तिथे तिथे ‘सापडलं’ पाठवायचं.

पाणी ओसरल्यावर

दुसऱ्या दिवशी ग्रुपची काही कामं उरतात. जो साचलेल्या पाण्यातून चालला, त्याने ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवून लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळ्यांचं विचारावं, हा मेसेज नक्की टाका. पायाला जखम असलेल्यांना फोनच करा. पंचनाम्यासाठी घरात पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणेचा फोटो धुण्याआधी काढायला सांगा. उघड्या राहिलेल्या मदतीच्या पोस्ट एकेक करून मिटवा. लोकांचे पत्ते, आजार आणि नंबर लिहिलेली जी शीट घाईत सगळ्यांना उघडी केली होती, ती बंद करा आणि तिची एक प्रत अ‍ॅडमिनजवळ ठेवा. तक्रार क्रमांक मात्र पुसू नका: ऑक्टोबरात वॉर्ड ऑफिसात नालेसफाईबद्दल बोलायला जाल तेव्हा कोणत्या गल्लीत, किती वाजता, किती पाणी, याची तारीखवार यादी टेबलावर ठेवता येते.